गंगथडीतील एकवर्ण समीकरण

गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या आणि तिच्या दोन्ही काठांच्या काळ्या जमिनीला गंगथडी म्हणणाऱ्या मुलखात कोपरगाव वसलेले आहे. या गावातील कोणत्याही माध्यमिक शाळेत आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला समीकरण कसे सोडवतात असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते: बाजू बदलली की चिन्ह बदलते. ज्यात एकच अज्ञात राशी असते, ती राशी स्वतःशी गुणलेली नसते आणि दोन बाजूंची किंमत सारखी असल्याचे सांगितलेले असते, अशा समीकरणाला आजची पाठ्यपुस्तके ‘एकचल समीकरण’ म्हणतात; जुन्या संस्कृत ग्रंथांत त्याचे नाव ‘एकवर्ण समीकरण’ असे होते. नाव बदलले, चिन्हे बदलली, शिकवणारे आणि शिकणारे बदलले, तरी ही क्रिया गोदावरीच्या खोऱ्यात आणि त्याच्या सीमेवरील डोंगरांत किमान आठ शतके शिकवली जात आली आहे. विद्यार्थ्याच्या तोंडी असलेला नियम त्या दीर्घ परंपरेचा केवळ शेवटचा तुकडा आहे आणि त्या तुकड्यातून क्रियेमागचे कारण गळून गेले आहे, हे या इतिहासातून दिसते.

कोपरगावच्या ईशान्येस, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, चाळीसगावजवळ पाटण हे ठिकाण आहे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आणला आणि त्यामुळे भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ खात्रीने कळू शकली. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा त्यांचा ग्रंथ ११५० मधला, आणि ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता, तर नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेव या यादवांच्या मांडलिकाने १२०७ मध्ये त्या मठाला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला, तरी प्रत्यक्ष देण्याघेण्याचा तपशील जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारातील खरेदी-विक्रीवरच्या हक्कांबरोबर तेलघाण्यावरच्या तेलाचाही उल्लेख येतो. म्हणजे अज्ञात राशी शोधण्याची विद्या शिकवणाऱ्या मठातला दिवा बाजारपेठेतल्या तेलावर जळत होता. मराठी भाषेच्या अगदी आरंभीच्या लेखी पुराव्यांपैकी एक पुरावा गणिताच्या शाळेच्या खर्चाविषयी आहे, या गोष्टीचा मराठी वाचकाला जितका अभिमान वाटायला हवा तितका तो वाटताना दिसत नाही.

या मठात जे शिकवले जाई त्याचा नमुना म्हणून ‘बीजगणित’ ग्रंथाच्या एकवर्ण समीकरणाच्या प्रकरणातले घोड्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. दोन माणसांची संपत्ती सारखी आहे. एकाजवळ ३०० नाणी आणि सहा घोडे आहेत, दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत पण त्याच्यावर १०० नाण्यांचे कर्ज आहे. तर एका घोड्याची किंमत किती, असा त्याचा आशय आहे. भास्कराचार्य अज्ञात किमतीला ‘यावत्-तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, असे म्हणतात आणि त्याचे पहिले अक्षर ‘या’ हेच चिन्ह म्हणून वापरतात; ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणतात आणि तिच्यासाठी ‘रू’ लिहितात. एकाहून अधिक अज्ञात राशी असतील तर पुढच्या राशींना काळक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे दिली जात आणि का, नी, पी, लो ही अक्षरे लिहिली जात. रंग म्हणजे वर्ण, म्हणून एका अज्ञाताचे ते एकवर्ण आणि अनेकांचे ते अनेकवर्ण समीकरण. दोन्ही पक्ष, म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजू, एकाखाली एक अशा मांडत:

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या ओळीतील १०० हे कर्ज असल्याने त्या अंकाच्या डोक्यावर ऋणदर्शक टिंब देत. आजचे बरोबरीचे चिन्ह तेथे नाही. एका ओळीखाली दुसरी ओळ येणे हीच बरोबरीची खूण होती. यानंतरच्या क्रियेला ‘समशोधन’ म्हणतात. दोन्ही पक्षांतून सारखेच काही वजा करणे, असा त्याचा अर्थ. मात्र अज्ञात राशी एका पक्षातून नाहीशी होईल आणि रूपे दुसऱ्या पक्षातून नाहीशी होतील अशा बेताने ती वजाबाकी करायची असते. दोन्हीकडून सहा घोडे काढून घेतले की पहिल्याजवळ केवळ ३०० नाणी उरतात आणि दुसऱ्याजवळ चार घोडे व १०० चे कर्ज उरते. दोन्हीकडून हे ऋण १०० वजा केले, म्हणजेच दोघांच्याही पदरात शंभर शंभर नाणी घातली, की एकीकडे ४०० नाणी आणि दुसरीकडे चार घोडे राहतात. उरलेल्या रूपांना उरलेल्या अज्ञाताच्या अंकाने भागल्यावर एका घोड्याची किंमत १०० येते. पडताळा पाहिला तर दोघांचीही संपत्ती ९०० भरते.

या मांडणीत एकही संख्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ‘जात’ नाही. जे घडते ते दोन्हीकडे सारखेच घडते, आणि म्हणूनच बरोबरी टिकते. भास्कराचार्यांनी ही रीत प्रथम शोधली असे नाही. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास अज्ञात राशीला ‘गुलिका’ म्हणून असाच नियम दिला होता आणि ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये समीकरणांचे प्रकार पाडून त्यांच्या रीती सांगितल्या होत्या. भास्कराचार्यांचे मोठेपण रीत सुबोध करण्यात आणि बीजगणित म्हणजे शेवटी बुद्धीच होय, चिन्हे केवळ तिच्या मदतीला असतात, हे पुन्हा पुन्हा बजावण्यात आहे.

‘लीलावती’त मात्र अज्ञाताचे चिन्ह न मांडता उत्तर काढण्याची एक वेगळी रीत येते, तिला ‘इष्टकर्म’ म्हणतात. इष्ट म्हणजे मनाने धरलेली संख्या. कमळांच्या एका राशीचा तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला व उरलेली सहा कमळे गुरुचरणी ठेवली, तर एकूण कमळे किती, या उदाहरणात हिशेब करणारा आधी ६० कमळे होती असे धरतो. त्यातून २०, १२, १० आणि १५ गेल्यावर ३ उरतात. उरायला हवीत ६, म्हणून मूळ संख्या ६० ची दुप्पट, १२०. ही रीत त्रैराशिकाचीच बहीण आहे. त्रैराशिक म्हणजे तीन ज्ञात संख्यांवरून चौथी काढणे, आणि पेशवाईतील व तिच्या आधीच्याही पंतोजींच्या शाळांत मुलांचा सर्वाधिक वेळ जर कशावर जात असेल तर तो पाढ्यांवर आणि त्यावर उभ्या असलेल्या या हिशेबावर. धुळीच्या पाटीवर बोटाने अंक गिरवणारी, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी एका सुरात म्हणणारी मुले व्याज, भाव, माप आणि मजुरी यांचे हिशेब तोंडी करत. कुलकर्ण्याच्या दप्तराला आणि वाण्याच्या वहीला एवढे पुरत असे.

जिथे ते पुरत नाही ती जागा नेमकी घोड्यांच्या उदाहरणात आहे. घोड्याची किंमत १० धरली, तर पहिल्याची संपत्ती ३६० आणि दुसऱ्याची शून्य येते. आता दुप्पट-तिप्पट करून काहीच साधत नाही, कारण घोड्यांची किंमत वाढली तरी ३०० ची रोकड आणि १०० चे कर्ज वाढत नाही. पुन्हा २० धरून पाहिले तर ४२० आणि १०० येतात, म्हणजे किंमत दहाने वाढवल्यावर अंतर ३६० वरून ३२० झाले, चाळीसने घटले. तेव्हा अंतर पुरते नाहीसे व्हायला किंमत पहिल्या दहापेक्षा आणखी नऊ दहांनी वाढायला हवी, आणि उत्तर १०० येते. दोनदा इष्ट धरून उत्तर काढण्याची ही रीत चीनमध्ये आणि अरबी गणितात चांगली रुळलेली होती. परंतु अज्ञात दोन्ही पक्षांत असताना समशोधनाने जे दोन ओळींत होते त्यासाठी येथे दोन अंदाज आणि त्यांचा पुरता हिशेब लागतो. व्यक्त गणित, म्हणजे ज्ञात संख्यांचे गणित, आणि अव्यक्त गणित, म्हणजे अज्ञाताला नाव देऊन चालणारे गणित, यांच्यामधली सीमारेषा या ठिकाणी आहे.

ही सीमा ओलांडण्याचे शिक्षण मराठी मुलखात मोजक्या घराण्यांकडे राहिले. कोपरगावाहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली जात राहिले, की टोके, पैठण आणि पुढे पाथरी, म्हणजे जुने पार्थपूर, असा क्रम लागतो. पार्थपूरच्या ज्ञानराजाने १५०३ मध्ये ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिला आणि त्याचा मुलगा सूर्यदास याने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर टीका रचली. विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामातून काशीला गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने, सोळावे शतक संपता संपता, याच ग्रंथावर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली, आणि तिचे महत्त्व फार मोठे आहे. कारण कृष्ण दैवज्ञ केवळ रीत सांगून थांबत नाही, तर तिची ‘उपपत्ती’, म्हणजे ती बरोबर का आहे याचे कारण, देतो. दोन पक्ष सारखे असतील तर त्यांत सारखेच मिळवल्याने, सारखेच वजा केल्याने, सारख्याच संख्येने गुणल्याने वा भागल्याने त्यांची समता मोडत नाही, हा समशोधनाचा पाया त्याने उघड मांडला. ही घराणी दैवज्ञांची, म्हणजे ज्योतिष जाणणाऱ्यांची होती; ग्रहगती आणि पंचांग हे त्यांचे मुख्य काम, आणि अव्यक्त गणित ही त्या कामाची पूर्वतयारी. त्यामुळे ज्ञान खोल राहिले, पण गावच्या पंतोजीपर्यंत ते उतरले नाही. कोपरगावच्या बेटाशी शुक्राचार्य आणि कच यांची कथा जोडलेली आहे, आणि संजीवनी विद्या गुरूच्या मुखातून एकाच शिष्याकडे कशी गेली हे ती सांगते. गंगथडीत अव्यक्त गणिताचाही प्रवास फारसा वेगळा नव्हता. रघुनाथराव पेशव्याने अखेरचे दिवस कोपरगावात काढले आणि १७८३ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या काळातील दप्तरांत घोडे आणि कर्जे या दोन्हींचा हिशेब सर्वत्र भरलेला असला, तरी तो मोडी लिपीतल्या बेरीज-वजाबाकीने आणि त्रैराशिकाने चालत असे, यावत्-तावत् मांडून नव्हे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथाचा दुसरा प्रवास फारसी भाषेतून झाला. अताउल्लाह रशीदी याने १६३४-३५ च्या सुमारास ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर करून ते शाहजहानला अर्पण केले, आणि औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यावर वास्तुकार म्हणून ज्या अताउल्लाहचे नाव कोरलेले आहे तो हाच, असे मानले जाते. कोपरगावाहून औरंगाबादेस जाणारा प्रवासी जो घुमट पाहतो तो उभारणाऱ्याच्या हाताखालून घोड्यांचे उदाहरणही गेले होते. फारसी वाचकाला ही विद्या नवखी नव्हती, कारण अल्-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात ‘अल्-जब्र’ आणि ‘अल्-मुकाबला’ या नावांनी समीकरणाच्या क्रिया सांगितल्या होत्या. पहिल्या क्रियेत उणे असलेले पद भरून काढायचे, दुसरीत दोन्हीकडील सारखी पदे समोरासमोर ठेवून उडवायची. भास्कराचार्यांना पहिली क्रिया वेगळी सांगण्याची गरज पडली नाही, कारण ऋण संख्या त्यांच्या मांडणीत हक्काने वावरत होती. फारसी भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रेची याने १८१३ मध्ये ‘बीजगणित’ इंग्रजीत आणले, १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलर याने ‘लीलावती’चे इंग्रजी भाषांतर छापले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुक याने दोन्ही ग्रंथ थेट संस्कृतावरून इंग्रजीत दिले.

जुनी आणि नवी धारा एका माणसात एकत्र आली, आणि तो माणूस याच नदीकाठचा होता. प्रवरा जिथे गोदावरीला मिळते त्या संगमाजवळच्या, नगर जिल्ह्यातील टोके या गावी १८२१ मध्ये बापूदेव शास्त्री यांचा जन्म झाला. नागपुरात धुंडिराज या पंडिताजवळ त्यांनी ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ यांचे अध्ययन केले. सीहोरचा इंग्रज पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन याने त्यांची बुद्धी हेरून त्यांना आपल्या पाठशाळेत नेले, आणि १८४२ मध्ये ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. त्यांनी युरोपीय पद्धतीचे बीजगणित हिंदीत लिहिले, १८६१ मध्ये त्यांचे ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि भास्कराचार्यांचे गणित किती पुढे गेलेले होते हे इंग्रजी वाचकांना पटवून देण्यासाठी त्यांनी लेखन केले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात त्यांची नोंद घेतली आहे. गोदावरीकाठी जन्मलेल्या या विद्वानाने आपले बीजगणित मराठीत लिहिले नाही याची खंत वाटते; ते काशीला गेले आणि तिथल्या विद्यार्थ्यांचे झाले.

मराठीत नवे बीजगणित मुंबईहून आले. जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने १८२० नंतरच्या दशकात देशी भाषांतून गणित शिकवण्याचा उद्योग मांडला, आणि पुढे ऑगस्टस डी मॉर्गन याच्या बीजगणिताचे मराठी रूपांतर त्याने पंडितांच्या साहाय्याने १८४८ मध्ये प्रसिद्ध केले. डी मॉर्गन स्वतः मदुराईत १८०६ मध्ये जन्मलेला होता, आणि विद्यार्थ्याने नियम पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्यावे यावर त्याचा आयुष्यभर कटाक्ष होता. या पुस्तकांबरोबर रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये योजलेले बरोबरीचे चिन्ह मराठी पानावर आले, एकाखाली एक असलेले पक्ष शेजारी शेजारी आले, आणि ‘डावी बाजू’ व ‘उजवी बाजू’ असे म्हणणे रूढ झाले. एक्स, वाय, झेड यांच्या जागी क्ष, य, ज्ञ बसले. ‘यावत्-तावत्’ मागे पडले आणि ‘ती संख्या क्ष मानू’ हे वाक्य मराठी वर्गात इतके मुरले, की अज्ञात स्वरूपाच्या किरणांनाही मराठीने ‘क्ष-किरण’ म्हटले. पुढे पाठ्यपुस्तकांत रोमन अक्षरे आली, पण बोलण्यातला क्ष अजून टिकून आहे.

दोन्ही बाजू शेजारी शेजारी आल्या तेव्हा समशोधनाचे संक्षिप्त रूपही सोयीचे झाले. दोन्हीकडून ३०० वजा केल्यावर ते डावीकडे दिसत नाहीत आणि उजवीकडे वजा चिन्हासह दिसतात. पाहणाऱ्याला ते उडी मारून गेल्यासारखे वाटतात. या दिसण्याला ‘पक्षांतर’ म्हटले गेले, आणि परीक्षेच्या घाईत पक्षांतर हाच नियम झाला.

कोपरगावात शालेय गणित ज्या काळात सर्वदूर पोहोचले तो काळ दौंड-मनमाड लोहमार्गानंतरचा, नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनंतरचा, आणि मुख्यतः ऊस व साखर कारखान्यांच्या वाढीचा आहे. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची, स्थापना झाल्यावर खेड्यातल्या मुलाच्या हातीही शहरातल्या मुलाचेच पुस्तक आले, ही लहान गोष्ट नव्हे. पाटणच्या मठाला जे साधले नाही ते याने साधले: अव्यक्त गणित प्रत्येक घरात गेले. ज्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्यांना धूळपाटीही मिळाली नव्हती, त्यांच्या मुलींच्या वहीत आता समीकरण आहे.

घोड्यांचे उदाहरण या मुलखाच्या आजच्या व्यवहारात जसेच्या तसे बसते. दोन गाडीवान टायरगाडीने कारखान्यावर ऊस वाहतात. एकाची सहा खेपांची मजुरी आणि १,२०० रुपये रोख, दुसऱ्याची दहा खेपांची मजुरी पण मुकादमाकडून घेतलेली ४०० रुपयांची उचल फेडायची, आणि हिशेबाअंती दोघांच्या हाती सारखीच रक्कम पडते, असे धरले तर समीकरण असे होते:

६क्ष + १२०० = १०क्ष − ४००

वहीत यानंतरची ओळ बहुतेक विद्यार्थी बरोबर लिहितात, १६०० = ४क्ष. चूक होते ती पुढे. ज्याच्या मनात ‘पलीकडे गेले की चिन्ह बदलते’ एवढेच आहे तो चारलाही पलीकडे नेतो आणि क्ष = १६०० − ४ असे लिहून १५९६ उत्तर काढतो; एखादा चिन्ह बदलायचे म्हणून उणे ४ ने भागतो. शिक्षक मग दुसरा नियम सांगतात, की गुणाकारातला अंक पलीकडे भागाकारात जातो, आणि विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन नियमांची गल्लत कायमची राहते. खरे तर येथे दोन नियम नाहीतच. चार खेपांची मजुरी १,६०० रुपये असेल तर दोन्हीकडचा चौथा हिस्सा घ्यायचा, आणि एका खेपेचे ४०० रुपये होतात. सहा खेपांचे २,४०० आणि रोख १,२०० मिळून ३,६००, दहा खेपांचे ४,००० उणे उचल ४०० मिळूनही ३,६००. ऊसतोडणीच्या हंगामात शाळा आणि फड यांच्यामध्ये ओढली जाणारी मुलगी हा हिशेब फळ्यावर अडखळत करत असली, तरी उचल वजा करून हाती काय उरते ते तिला तोंडी पक्के ठाऊक असते. दोन्हीकडून सारखेच काढायचे, हे कृष्ण दैवज्ञाचे कारण तिच्यापुढे ठेवायला फळ्यावर एका ओळीची जागा लागते.